कर्दळीची निंदणी

जानराव अकोल्याला शेतकी शिकून आला होता. त्यामुळे गावात काही बिघडलं की लोक आधी त्याच्याकडे पाहत. आज मात्र तो स्वतःच खाली पाहत होता.

भातकुलीकडचं खारपाण गाव. विहिरीचं पाणी असं, की वरणाला मीठ नको. शेजारच्या केशरबाईचा झेंडू दरसाल त्याच पाण्यानं पिवळा पडून मरायचा. नळाचं गोडं पाणी मात्र भांडी घासून नालीत जाई. म्हणून जानरावानं नालीच्या तोंडाशी मोठा खड्डा खणवला, गिट्टी-रेती भरली, वर कर्दळ अन् पाणकणीस लावलं. वर्षभरात वरून काळं शिरलेलं पाणी खालून नितळ निघू लागलं. नमुना पास झाला की ते केशरबाईच्या वाडीला मिळणार होतं.

वैशाखात पाणी तपासणारे साहेब नमुना घ्यायला येणार, म्हणून आदल्या दिवशी जानरावानं बायांना हुकूम सोडला, "सारं निर्मळ करा. एक काडी नाही दिसाले पायजे!" अन् शाल-नारळ आणायला तो अमरावतीला गेला.

सकाळी खड्ड्यात नुसती गिट्टी.

"वयनी, हे काय करून ठेवलं वं?"

"निंदलं," केशरबाई म्हणाली. "मुळासकट. एक मूळ सापडलं त नाव बदलून टाका माहं!"

"अवो, ते गवतच त पानी साफ करून राहिलं होतं!"

"मंग काहून नाही सांगतलं? तुमी त भाषणात नुसती गिट्टी गिट्टी करता."

खरं होतं. गिट्टीच्या ट्रकसोबत त्याचा फोटो निघाला होता ना!

साहेबानं वरच्या-खालच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. "वरचं कोणतं, खालचं कोणतं?"

"दोनी सारखेच, साहेब," जानराव म्हणाला. "मधात मी आहो."

"तीन महिन्यांनी येतो," म्हणून साहेब गेले.

केशरबाईनं धुऱ्याच्या बांधावरचा निंदणीचा ढीग उलथला. "कर्दळीचे कांदे हायेत, असे थोडीच मरतेत! उतरा खाली, भाऊजी."

साहेबासाठी आणलेली शाल नाकाला बांधून जानराव गुडघाभर घाणीत उतरला. गावानं पहिल्यांदाच त्याचं काम इतकं मन लावून पाहिलं.

पोळ्याला नमुना पास झाला. नंतर पावसानं दडी मारली, तरी झेंडू तगला.

दसऱ्याला केशरबाई पहिला हार घेऊन आली. जानरावानं टोपी काढून मान पुढे केली. ती त्याच्या बाजूनं पुढे गेली अन् हार कर्दळीला घातला.

"भाऊजी, जरा सरका तिकडं," ती म्हणाली, "कोंबावर पाय पडून राहिला तुमचा."