डेलियाच्या टेबलावरची रिकामी बाटली

दुधाची बाटली म्हणून मी जन्माला आले आणि फुलांची बाटली म्हणून म्हातारी झाले. मित्रांनो, माझं वय विचारू नका. काचेला सुरकुत्या पडत नाहीत, म्हणून लोक फसतात. माझ्या पोटावर एका गाईचं चित्र होतं, आता तिची नुसती शिंगं उरली आहेत. त्यावरून काय तो अंदाज बांधा.

एका भट्टीत रटरटणाऱ्या काचरसातून माझी घडण झाली. बूड चांगलं जड, काच जाड आणि मान अरुंद. पहाटे दूधवाल्याच्या गाडीतून मी लोकांच्या दारापर्यंत जायची. कडाक्याच्या थंडीत दूध गोठलं की साय माझ्या तोंडातून वर उचलली जायची आणि झाकण तिच्या डोक्यावर टोपीसारखं बसायचं. ते बघायला मुलं अनवाणी धावत यायची. रिकामी झाले की मला धुऊन पुन्हा दारात ठेवत. मग कागदी खोकी आली. एका सकाळी मी दारात वाट पाहत उभी राहिले आणि गाडी काही आलीच नाही.

त्या घरच्या म्हाताऱ्याने मला कोठारात नेलं आणि माझ्यात गंजके खिळे भरले. दुधाच्या जागी खिळे! पण आम्हा वस्तूंचं असंच असतं. जे भरतील ते पोटात घ्यायचं. कित्येक वर्षं मी त्या अंधारात गवताच्या धुळीखाली पडून होते.

मला तिथून बाहेर काढलं ते म्हाताऱ्याच्या मुलाने, ऑल्डनने. त्याला डेलियाच्या फुलांचं वेड होतं. मक्याचं शेत बापाच्या मर्जीने केलं, पण घरामागचे डेलियाचे वाफे मात्र त्याचे स्वतःचे. दरवर्षी ऑगस्टमध्ये आमच्या काउंटीची जत्रा भरते. डुकरं, गाई, लोणची, गोधड्या, केक आणि फुलं, ज्याने त्याने आपल्या घरचं आणून मांडायचं आणि परीक्षकाने त्यावर फिती लावायच्या. निळी फीत पहिली, लाल दुसरी, पांढरी तिसरी. एका वर्षी ऐन परीक्षेच्या वेळी ऑल्डनची नाजूक फुलदाणी फुलासकट आडवी झाली. ताटाएवढं फूल ते, त्याचा भार तिला पेलला नाही. घरी येऊन रागारागाने त्याने कोठार धुंडाळलं आणि मला उचलून थेट स्वयंपाकघरात बायकोपुढे धरलं.

"लुएला, हिचं बूड बघ! अगदी माझ्या आत्यासारखं. ही काही पडायची नाही."

"आत्या आता हयात नाहीत म्हणून बरं," लुएला म्हणाली, "नाहीतर तूच आडवा झाला असतास."

तिने मला मीठ आणि व्हिनेगर लावून घासलं. त्या दिवसापासून माझी जागा स्वयंपाकघरातल्या खिडकीत. तिथून डेलियाचे सगळे वाफे दिसतात.

ते माझे सुखाचे दिवस. फुलांच्या टेबलाच्या टोकाला, खिडकीजवळ, माझी जागा ठरलेली. लोक वाकून फूल बघायचे, मग त्यातली एखादी म्हातारी माझ्याकडे बघून म्हणायची, "अगबाई, आमच्याकडे अशी होती!" निळ्या फिती किती आल्या ते मी मोजलं नाही. लुएलाचा एक नेम होता. सकाळी स्तोत्र म्हटल्याशिवाय ती कॉफीचा घोट घ्यायची नाही. आणि जत्रेतलं फूल, जिंकलेलं असो की हरलेलं, परतताना आधी चर्चमध्ये देवापुढे ठेवायची. ऑल्डन चिडवायचा, "परीक्षकाने नापास केलेलं फूल देवाला चालतं होय?" ती म्हणायची, "तुला चालवून घेतोय ना इतकी वर्षं."

मग ऑल्डनच्या आठवणी पाझरून जायला लागल्या. तडा गेलेल्या भांड्यातून पाणी जातं तशा, आवाज न करता. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. लेकीचा फोन आला की तो आदबीने बोलायचा आणि फोन ठेवून विचारायचा, "कोण होत्या गं या बाई? चांगल्या वाटल्या." एक गोष्ट मात्र राहिली होती. हिवाळाभर, बर्फ खिडकीला टेकलेलं असताना, तो दिवसातून कितीदा तरी विचारायचा, "जत्रा कधी आहे?" आणि लुएला प्रत्येक वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्यायची, "ऑगस्टात."

लेकीने आणि डॉक्टरांनी ठरवलं होतं की मक्याची कापणी झाली की त्याला देखभालीच्या घरात न्यायचं. लुएलाच्याने आता तो एकटीने आवरत नव्हता. तेव्हा ही जत्रा त्याची शेवटची. लुएलाने देवाकडे फार काही मागितलं नाही. खिडकीत उभी राहून ती हळू म्हणाली ते मी ऐकलं, "एवढ्या वेळी त्याला त्याच्या फुलाजवळ उभं राहू दे. फीत नको."

वसंतात तिने एकटीने तळघरातले कंद आणून लावले. गुडघे टेकवून, दर वाफ्याशी दम खात. ऑल्डन खुर्चीत बसून सांगायचा, "खोल लाव, खोल. हार्लनसारखं वरवर नको." हार्लन म्हणजे शेजारी. दोघांची जत्रेतली चुरस तरुणपणापासूनची.

मित्रांनो, डेलियाच्या फांदीला टोकाशी तीन कळ्या येतात. मधली मोठी, बाजूच्या दोन लहान. जत्रेसाठी फूल वाढवायचं तर बाजूच्या दोन खुडायच्या आणि सगळा जीव मधलीत जाऊ द्यायचा. ऑल्डनच्या बोटांना हे झोपेतसुद्धा करता आलं असतं. लुएलाला वाटलं, एवढं एक काम त्याच्या हातात राहू द्यावं. जुलैअखेरीस तिने त्याला सांगितलं, "उद्या आपण दोघं मिळून कळ्या खुडू हं."

पण त्याच दुपारी ती चर्चच्या बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेली होती. शेजारची बाई त्याच्यावर लक्ष ठेवायला बैठकीत बसली होती, तिचा डोळा लागला. ऑल्डन मागच्या दाराने बाहेर आला. हॅट काढून त्याने उलटी धरली आणि पहिल्या वाफ्यापासून सुरुवात केली. किती सफाईदार हात! अंगठा आणि तर्जनी, एक हलका झटका, कळी हॅटमध्ये. तो गुणगुणतही होता. आणि मी खिडकीतून बघत होते. तो मधल्या खुडत होता.

प्रत्येक फांदीवरची मधली, फुगलेली, रंग दाखवू लागलेली कळी. बाजूच्या हिरव्या गाठी तशाच. एक वाफा, दुसरा वाफा. वारा आला, पडदा माझ्या अंगावर आपटला. मी खाली पडून फुटले असते तरी चाललं असतं, निदान त्या आवाजाने बैठकीतली बाई जागी झाली असती. पण मला निवडलं होतं ते न पडण्यासाठीच. मी जागच्या जागी उभी राहिले आणि त्याने शेवटचा वाफा संपवला.

लुएला परतली तेव्हा तो पायरीवर बसला होता. हॅट कळ्यांनी भरलेली.

"बघ," तो म्हणाला, "सगळं उरकून टाकलं. तुला वाकायला नको."

लुएलाने हॅटमध्ये पाहिलं, मग वाफ्यांकडे. पदरात घ्यावी तशी तिने ती हॅट दोन्ही हातांनी घेतली.

"छान केलंस," ती म्हणाली. मग आत आली, नळ सोडला आणि पाणी उगाच वाहू दिलं.

बाजूच्या कळ्यांना फुलायला सप्टेंबर उजाडणार होता. जत्रेला त्या हिरव्याच राहणार. तिने रोज सकाळी जाऊन वाफे तपासले. एखादी तरी मधली कळी पानाआड सुटली असेल. सुटली नव्हती. त्याचं काम नेहमीच चोख असायचं.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी हार्लन मागच्या दाराशी आला. हातात एक लालभडक डेलिया, मखमलीसारखा.

"घे लुएला. माझ्याकडे दोन चांगली आलीत."

"नियम आहे हार्लन. ज्याने लावलं त्यानेच मांडायचं."

"नियम मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं तुझ्या नवऱ्याने तोच माझ्या तोंडावर मारलाय." तो टोपी चाचपत उभा राहिला. "अगं, त्याला काय कळणार आहे? परवा मला भेटला तर म्हणाला, मिस्टर, तुम्ही ट्रॅक्टर विकता का?"

लुएला हसली आणि हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला. आतून ऑल्डनचा आवाज आला, तो जत्रेची टाय शोधत होता. तिने फूल घेतलं. मला धुतलं, पाणी भरलं, पाण्याखाली येणारी पानं काढली आणि ते परकं फूल माझ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्तोत्र म्हणायला बसली, पण ओठ नुसतेच हलले. कॉफी तशीच गार झाली.

जत्रेत फुलांच्या खोलीत नेहमीची गर्दी. नोंदणीच्या टेबलामागे डोरीन. ती सगळ्यांना एकच प्रश्न विचारते, रीत म्हणून, हसत हसत.

"काय ऑल्डन, आलात का आम्हाला हरवायला? घरच्याच बागेतलं ना हे?"

लुएलाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधी ऑल्डन वाकला, फुलाच्या मानेखाली बोट लावून त्याने ती जरा वर केली, आणि सोडली. मान हळूच कलली.

"छे!" तो म्हणाला. "हे आमचं नाही. हे हार्लनचं."

डोरीन हसायची थांबली.

"अरे, काहीतरीच काय," मागे रांगेत उभा असलेला हार्लन घाईने म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुझंच आहे ते, ऑल्डन."

"माझं? ही मान बघ. पाणी पाजून पाजून बदक केलंय नुसतं. हा हार्लन कधी सुधारायचा नाही." आणि खुद्द हार्लनकडे वळून तो आदबीने म्हणाला, "तुम्ही ओळखता का त्याला? माणूस चांगला आहे. पाणी जास्त घालतो."

कोणीतरी हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मित्रांनो, त्या खोलीत दोन भली माणसं खोटं बोलायला उभी होती आणि खरं बोलत होता तो एकटा, ज्याला आपण कुठल्या गावात आहोत हेही सांगता आलं नसतं. लुएलाची मान खाली गेली.

"त्याचं बरोबर आहे, डोरीन," ती म्हणाली. "आमचं नाही. मला माफ कर."

डोरीनने तिच्या हातावर हात ठेवला. "अगं, वेळ आहे अजून. घरून दुसरं आणतेस का?"

"नाहीये गं."

हार्लनने त्याचं फूल परत घेतलं. मी पाण्याने भरलेली, रिकामी. मला कोणी उचलून न्यावं हे त्या गोंधळात कुणाला सुचलं नाही. ऑल्डनला सुचलं. त्याने मला घेतलं, टेबलाच्या टोकाला, खिडकीजवळ नेलं, आणि नेमकं तिथे ठेवलं जिथे मी दरवर्षी उभी असते. काचेवरचा ओला ठसा रुमालाने पुसला. मग बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागे जाऊन, टाय सारखी करून, उभा राहिला.

परीक्षा सुरू झाली की दोरीमागच्यांनी अवाक्षर काढायचं नसतं. तसा नियमच आहे आमच्याकडे. परीक्षक मोठ्याने बोलत जाते, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्या माणसाला घरी पाच मिनिटं गप्प बसवत नव्हतं, जो तेच तेच विचारून बायकोला रडकुंडीला आणायचा, तो त्या पूर्ण वेळात हूं की चूं करीत नव्हता. हॅट छातीशी, डोळे टेबलावर. परीक्षक दुसऱ्या गावची बाई. ती एकेका फुलाशी थांबली, पाकळ्या, देठ, पानं, सगळ्यांबद्दल बोलली. माझ्यापाशी आली. माझ्या तोंडात पाहिलं.

"इथे काही नाही," ती म्हणाली आणि पुढे गेली.

 लुएलाने ऑल्डनचा हात घट्ट धरला होता. निळी फीत हार्लनच्या दुसऱ्या फुलाला मिळाली. ती घेऊन त्याने खिशात कोंबली, मान वर न करता.

दोरी सुटली. लोक पांगले. ऑल्डन माझ्याजवळ आला, वाकून बराच वेळ माझ्यातलं पाणी बघत राहिला.

"लुएला, आपलं फूल कुठंय?"

"यंदा आलं नाही, ऑल्डन."

"का?" तो विचारात पडला. मग एकाएकी त्याच्या डोळ्यांत ती जुनी धार आली, वाफ्यांतून फिरताना असायची तशी. "मधल्या कळ्या गेल्या. मी पाहिलं ना सकाळी. सगळ्या गेल्यात, एकसुद्धा ठेवली नाही. कुणी खुडल्या?"

लुएला, जी दोन तासांपूर्वी डोरीनपुढे खोटं बोलू शकली नव्हती, तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"मी," ती म्हणाली. "चुकलं माझं."

 त्याने तिच्या हातावर थोपटलं.

"होतं असं," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी मी दाखवीन तुला."

परतताना त्यांची गाडी चर्चपाशी थांबली. फूल नव्हतं. तरी लुएला उतरली, आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी ऑल्डनच्या मांडीवर होते. गाडी हलली की माझ्यातलं पाणी सांडेल म्हणून त्याने माझ्या तोंडावर तळहात धरून ठेवला होता, थांबलेल्या गाडीतसुद्धा.

आता तो त्या दुसऱ्या घरात असतो. सप्टेंबरात बाजूच्या कळ्या उमलल्या, लहान लहान, पण कितीतरी. लुएला त्या माझ्यात घालून त्याच्याकडे घेऊन गेली. त्याला आवडल्या. त्याने विचारलं, ही फुलं कुणाच्या बागेतली. तिने सांगितलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.

मित्रांनो, मी साधी काच. मला जे भरलं ते मी धरून ठेवलं, याहून जास्त मला काही जमलं नाही. तुम्हाला हात आहेत, वाचा आहे. तुमच्या घरातही कुणाच्या बोटांनी एखाद्या दिवशी मधली कळी खुडली, तर त्यांच्यापुढे ती हॅट उलटी करून दाखवू नका. विचारलं त्यांनी कुणी खुडली, तर जवळ जाऊन बसा, आणि चूक आपल्याकडे घ्या.