आधी लिहा, मग सही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. साधीसुधी नाही बरं का! लाल कापडी पाठीची, दोनशे पानांची, गावाच्या सभेत काय ठरलं ते जपणारी. पण खरं सांगते, पहिली कितीतरी वर्षं मी नुसतीच मिरवले. आमच्याकडे रीतच तशी होती. सदस्य यायचे, चहा प्यायचे, कोऱ्या पानाच्या तळाशी सही ठोकायचे आणि घरी जायचे. वरचा मजकूर सचिवसाहेब मागाहून सावकाश लिहायचे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे माझं कौतुक फार व्हायचं. आत काय लिहिलंय, ते मात्र कुणी वाचायचं नाही.

मग शिवणकाम करणाऱ्या एक ताई निवडून आल्या आणि गावाच्या प्रमुख झाल्या. टेकडीवरच्या वस्तीला नळ देईन, असा शब्द त्यांनी दिला होता. तिथल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ चढायच्या. पहिल्याच सभेत नळाचं ठरलं. ताईंनीही भरवशाने कोऱ्या पानावर सही केली. नळ आला हो, पण सरकारी विश्रामगृहाला! साहेबांनी माझ्यात तसंच लिहून ठेवलं होतं, आणि खाली सही ताईंची. वस्तीतल्या बायका जाब विचारायला आल्या तेव्हा ताईंची मान खाली गेली. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या सभेत ताईंनी पेनाचं टोपण लावून टाकलं. सही राहिली तर वरून विचारणा होईल, पद जाईल, असं साहेबांनी बजावलं.

"जाऊ दे," ताई म्हणाल्या. "आधी लिहा, मग सगळ्यांना वाचून दाखवा, मग मी सही करते."

साहेब तावातावाने निघून गेले. आठवड्यात नोटीस आली, ताई कामात अडथळा आणतात म्हणून. ताईंनी ती भर सभेत साहेबांनाच वाचायला लावली. ते ऐकून बाकीचे सदस्यही हट्टाला पेटले. तीन सभा झाल्या, सही एकही नाही. चौथ्या सभेला साहेबांनी मुकाट्याने माझ्या एकशे बाराव्या पानावर टेकडीच्या नळाचा ठराव सगळ्यांसमोर लिहिला आणि वाचला, मगच ताईंनी सही केली. त्या पावसाळ्याआधी टेकडीवर पाणी चढलं.

आता माझी पानं संपली आहेत, कडा कसरीने खाल्ल्या आहेत. मित्रांनो, मला जपा, पण कुलपात कोंडून नको. उघडा, वाचा. ताईंची चौकशी अजून चालूच आहे. त्यांनी काय अडवलं असं कुणी विचारलं, तर माझं एकशे बारावं पान काढा आणि मोठ्याने वाचून दाखवा.