परड्यातला आवाज

कृष्णातनं पाण्यानं भरलेला जग उचलला आणि भिंतीवर वाजत असलेल्या स्पीकरवर सगळा ओतला. पाणी जाळीवरून ओघळून फरशीवर पडलं. गाणं थांबलं नाही.

"बघा काका. तुमच्या परड्यात पाऊस असाच येणार की. काय झालं ह्याला?"

"कुठं काय झालं!" गणपतराव मोठ्यानं म्हणाले. ते नेहमीच मोठ्यानं बोलत. उद्यमनगरात यंत्रांच्या खडखडाटात सगळी हयात फौंड्री चालवलेल्या माणसाला हळू बोलायची सवय राहत नाही, असं घरातले सगळे धरून चालत.

कृष्णातच्या शाहूपुरीतल्या दुकानामागं लहानसं मोकळं आवार होतं. कृष्णातनं तिथल्या भिंतीवर निरनिराळे स्पीकर ठोकून ठेवले होते. उघड्यावर लावायची वस्तू उघड्यावरच ऐकून घ्यावी, असं त्याचं म्हणणं. अनुजा वडलांशेजारी उभी होती. तिचा भाऊ विश्वजित दुकानाच्या मागच्या दारात, चौकटीला खांदा लावून. तो आवारात येत नव्हता आणि निघूनही जात नव्हता.

आईच्या वर्षश्राद्धासाठी तो पुण्याहून आला होता. श्राद्ध काल झालं. आज सकाळी चहा घेताना गणपतराव म्हणाले, परड्यात लावायला स्पीकर आणायचेत, दोघंही चला. विश्वजितनं कप बशीत असा आपटला की चहा टेबलभर झाला.

"परड्यात कशाला, आण्णा?" अनुजानं विचारलं होतं.

"लई गप्प गप्प वाटतंय तिथं."

घरामागच्या त्या परड्यातच आई पडली होती. गेल्या पावसाळ्यात, धुण्याच्या दगडापाशी शेवाळावरून पाय घसरून. डोक्याला मार लागला होता, पण शुद्ध होती. ती हाका मारत राहिली. मागच्या बोळापलीकडं राहणाऱ्या शालूबाईंनी त्या ऐकल्या आणि हातातलं काम टाकून धावत आल्या. तिला उचलायला माणूस हवा म्हणून त्या घरात शिरल्या, तर गणपतराव पुढच्या सोप्यात पेपर वाचत बसलेले. सोपा आणि परडं यांच्यामध्ये फक्त दोन खोल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत आईची शुद्ध गेली, ती परत आली नाही.

"मला ऐकू न्हाय आलं," एवढंच गणपतराव म्हणाले होते.

बोळापलीकडं ऐकू गेलं आणि घरात नाही. विश्वजितनं त्या दिवशी वडलांना नाही नाही ते सुनावलं आणि मग बोलणंच टाकलं. फोन करायचा तो अनुजाला. घरी आला की, त्यांना सांग, त्यांना विचार. आणि आता त्याच परड्यात फरशी घालून, वर पत्रा टाकून त्यांना गाणी लावायची होती.

"त्यांना विचार, अजून किती वेळ," तो दारातून म्हणाला.

अनुजानं विचारलं नाही. ती कृष्णातकडं बघत राहिली.

"ह्या पयल्यावर ढोलकी छातीत वाजती," कृष्णात सांगत होता. "पण शब्द जरा दबतात. हा दुसरा ऐका. उन्हानं तडकत न्हाय, पाण्यानं फुगत न्हाय, आणि गाणारं माणूस शेजारी बसल्यागत वाटतं."

"पयलाच द्या."

"ऐका तर काका. असं करा, भिंतीकडं पाठ करून बसा. मी बदलून बदलून लावतो. कुठला बरा ते कानानं सांगा. रूप बघून फसायला होतं."

"मी बघूनच घेतो की."

"बसा हो. कितीसा वेळ लागतोय!"

गणपतरावांनी खुर्चीकडं पाहिलं, मग अनुजाकडं. हवा ढगाळ होती, गारवा होता, तरी त्यांनी रुमाल काढून मान पुसली.

"कशाला ही थेरं," ते पुटपुटले. पण कृष्णातनं खुर्ची फिरवलीच होती. ते बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, समोर कंपाउंडची रिकामी भिंत.

कृष्णातनं सीडी बदलली आणि दुसरा स्पीकर लावला.

एका बाईचा आवाज सुरू झाला. भजनाची सुरुवात होती, साथ नव्हती. आवाज चढा नव्हता, पण तिनं मध्येच घेतलेला श्वाससुद्धा कळत होता. दुकानात वायरी बघत असलेलं एक गिऱ्हाईक हात थांबवून ऐकू लागलं. अनुजाच्या अंगावर काटा आला.

गणपतराव भिंतीकडं बघत होते.

एक ओळ झाली. तीच ओळ बाईनं पुन्हा घेतली, वरच्या सुरात.

"लावा की राव," गणपतराव म्हणाले. "कवा लावणार?"

कृष्णात हसला. मग त्याचं हसू उतरलं. त्यानं अनुजाकडं पाहिलं. अनुजाचा हात तोंडावर गेला होता.

आणि मृदंग सुरू झाला.

"हां, आता लागलं," गणपतराव मान डोलवत म्हणाले. "ह्यो बी बरा हाय."

विश्वजितचा खांदा चौकटीवरून सुटला.

"बंद करा ते," तो म्हणाला.

कृष्णातनं बटण दाबलं. आवार एकदम मोकळं पडल्यासारखं झालं. रस्त्यावरून एक रिक्षा फटफटत गेली. विश्वजित पायऱ्या उतरून खुर्चीच्या मागं येऊन थांबला. हात पुढं केला असता तर पाठीला लागला असता.

"आण्णा," तो म्हणाला.

वर्षभरात पहिल्यांदाच. गणपतराव हलले नाहीत. मृदंग थांबला म्हणून ते आता पुढच्या स्पीकरची वाट बघत असावेत.

"आण्णा," त्यानं पुन्हा हाक मारली, घरात मारतात तशी.

वाट बघून गणपतराव आपणहून वळले. मागं विश्वजित, त्याच्यामागं अनुजा, हात बटणावर ठेवून उभा असलेला कृष्णात. त्यांनी तिघांचे चेहरे पाहिले आणि त्यांचे खांदे खाली आले.

"हाक मारलीस?" त्यांनी विचारलं. आवाज इतका हळू होता की वडलांना असंही बोलता येतं हे अनुजाला ठाऊक नव्हतं.

विश्वजितनं होकारार्थी मान हलवली. मग स्वतःच्या कानाला हात लावून विचारलं, "कधीपासून?"

"फौंड्री बंद केली त्याच्या लई आधीपासनं. पुरुषमाणूस समोर येऊन बोललं की कळतंय. बायकांचा बारीक आवाज तर येतच न्हाय. तोंड दिसलं की कळतंय."

"आईला माहीत होतं?"

"तिनंच झाकलं की इतकी वर्षं. कोण आलं की माझ्याजवळ बसायची आणि त्यांचंच बोलणं माझ्याकडं तोंड करून परत मोठ्यानं बोलायची. तुम्हाला वाटायचं, आई बडबडती."

अनुजानं तोंड फिरवलं.

"मग त्या दिवशी हाका..." विश्वजित म्हणाला.

"मला कशाला मारंल? तिला ठावं होतं. शालूच्या नावानं मारल्या तिनं. शालूला इचारलंस कधी?"

त्यानं विचारलं नव्हतं.

"तुम्ही सांगायचं होतं, आण्णा. मी काय काय बोललो तुम्हाला."

गणपतराव त्याच्या ओठांकडं बघत राहिले.

"काय सांगणार? त्या सकाळी मशीन आणूया म्हणाली. कानाला लावायचं. शालूच्या दिराला म्हणं लई फरक पडलाय. मी वरडलो तिच्यावर. मला काय भैरा समजलीस व्हय, म्हटलं. ती धुणं घेऊन परड्यात गेली." त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. "तू बोललास ते काय फार खोटं न्हवतं."

कृष्णात जग उचलून उगाच आत जाऊन आला.

विश्वजित खुर्चीला वळसा घालून पुढं आला आणि वडलांच्या समोर उकिडवा बसला, त्यांना तोंड दिसेल असा. गणपतरावांनी विचारलं.

"मी म्हटलं लावा, तवा आधीच लागलं हुतं व्हय रं?"

"व्हय."

"काय हुतं?"

"बाई गात हुती, आण्णा. एकटीच."

गणपतरावांनी वळून भिंतीवरच्या त्या दुसऱ्या स्पीकरकडं पाहिलं. त्याच्या जाळीकडं ते असे निरखून बघत होते, जणू तिथं ओठ दिसतील.

"मग ह्योच घेऊ," ते म्हणाले.