कपाट मात्र फुकट

त्याचं खरं नाव ऑफिसात कुणी घेतच नसे. सगळे त्याला 'खरंसांगू' म्हणत. कारण कुठलाही फ्लॅट दाखवताना तो दारातच थबकायचा, उजवा हात छातीवर ठेवायचा, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचा, "खरं सांगू का?" एवढ्यावरच गिऱ्हाईक अर्धं विरघळायचं. उरलेलं अर्धं तो बाल्कनीत नेऊन विरघळवायचा.

घरं विकण्याच्या धंद्यात तो बारा वर्षं मुरलेला. पश्चिमेच्या खोल्या सकाळी अकराच्या आत दाखवायच्या, कारण दुपारी तिथे माणूस भाजून निघतो. हमरस्त्याकडचा फ्लॅट फक्त रविवारी दाखवायचा, एरवी तिथे स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. पार्टी घर बघत असताना बरोब्बर सातव्या मिनिटाला फोन वाजायचा आणि 'दुसरी पार्टी' टोकन घेऊन निघालेली असायची. ही दुसरी पार्टी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा एजंट, ज्याला सगळे मामा म्हणत. मामा घर दाखवत असला की दुसरी पार्टी हा व्हायचा. बारा वर्षांत दोघांनी एकमेकांचे शेकडो फ्लॅट अगदी घेता घेता सोडले होते.

मग ऑफिसचे साहेब कसल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. आले ते डोळ्यांत पाणी घेऊनच.

"लोकांचा आपल्यावर विश्वास उरलेला नाही," ते म्हणाले. "आजपासून धंदा खरेपणाने करायचा. प्रत्येक पार्टीला घराचा एक दोष आपण होऊन सांगायचा!"

ऑफिस गार पडलं. मामाने हातातला चहा खाली ठेवला. "कुठला दोष, साहेब?"

"तो ऑफिस ठरवून देईल."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच दिवशी प्रत्येकाच्या खिशावर बिल्ला आला, 'मी दोषही सांगतो'. आणि दोषांची यादी करायचं काम आलं खरंसांगूकडे. त्या घरांचे खरे दोष त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते, आणि नेमके तेवढेच वगळायचे तर माहीतगार माणूस नको का?

यादी त्याने मन लावून केली. 'स्वयंपाकघरात सकाळचं ऊन जरा जास्तच येतं.' 'शेजारच्या आजी फार मायेने चौकशी करतात.' 'बाल्कनी इतकी मोठी आहे की झाडताना कंबर दुखेल.' लोक ऐकायचे आणि गहिवरायचे. एका निवृत्त मास्तरांनी तर मामाचे दोन्ही हात धरून म्हटलं, "अशी माणसं अजून आहेत म्हणायची!" मामाने हे घरी सांगितलं, तेव्हा मामी हसून हसून इतकी बेजार झाली की तिला पाणी द्यावं लागलं.

आता खरा दोष कुठेच नव्हता असं नाही. नव्या इमारतीच्या मागच्या रांगेत, तळापासून सातव्या मजल्यापर्यंत, बाथरूमचा पाइप भिंतीच्या आतच गळत होता. पलीकडच्या बेडरूमची भिंत कायम ओली. रंग लावला की महिन्याभरात फुगे यायचे. बांधणाऱ्याने हात वर केले, साहेबांनी डोक्याला हात लावला. तोड काढली ती खरंसांगूने. तो मूळचा सुताराचा मुलगा, हातात कसब. त्याने त्या भिंतींवर भिंतभर कपाटं बसवली, प्रत्येक फ्लॅटमध्ये एक, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापून घेतलं, 'कपाट फुकट'. साहेबांनी तेव्हा सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती.

एका बुधवारी संध्याकाळी तो ताईकडे गेला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, मग ताईनेच त्याला न्हाऊ-माखू घातलं, शेजारी बसवून अक्षरं गिरवून घेतली. आता ती एकटीच होती, आणि तिला दमा होता. तिसऱ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नाही. भाजीची पिशवी घेऊन वर येईतो दोनदा पायरीवर बसावं लागायचं.

त्या दिवशी मात्र ताईच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "घर ठरवलं! शुक्रवारी टोकन देतेय. आणि तुझ्याच ऑफिसातून बरं का. तुझी सुट्टी बघून मुद्दाम गेले. तुला कळलं असतं तर तू स्वतःचं कमिशन सोडलं असतंस आणि साहेबांची बोलणी खाल्ली असतीस. लिफ्ट आहे रे! चौथा मजला, मागची रांग. शांत एकदम."

चहाचा कप त्याने तसाच बाजूला सारला.

"दाखवलं कुणी?"

"ते मामा म्हणतात ना, त्यांनी. काय सरळ माणूस! आपण होऊन म्हणाले, ताई, दोष एकच, बाल्कनी इतकी मोठी आहे की झाडताना कंबर दुखेल. मला तर बाई भरूनच आलं."

वाक्य त्याचंच होतं. पहिल्या यादीत कंबर नव्हती, ती त्याने मागाहून घातली होती.

"ताई, ते घर घेऊ नकोस."

"का?"

सांगायला त्याने तोंड उघडलं, तर हात आपोआप छातीवर गेला आणि आवाज आपोआप खाली आला. "खरं सांगू का..."

ताई खो खो हसत सुटली. "अरे मेल्या, मी काय पार्टी आहे तुझी?"

त्याने हात खाली घेतला, मग खिशात घातला. पाइप सांगितला, ओल सांगितली, त्या ओलीने तिच्या छातीचं काय होईल तेही सांगितलं. पण मेलं ते सगळं ऐकू येत होतं दुकानातल्यासारखंच. बारा वर्षं तो एकाच सुरात बोलत आलेला, बहिणीसाठी वेगळा सूर आणायचा कुठून?

"मग मामांनी का नाही सांगितलं?" ताईने विचारलं.

"ते यादीत नाहीये."

"यादी कुणी केली?"

"साहेबांनी," तो म्हणाला. हे सांगताना हात छातीवर न्यावा लागला नाही.

ताईने मान हलवली. "भिंतींना मी हात लावून बघितलाय. तुला वाटतं मला एकटीला काही जमत नाही. जिन्यात धापा मी टाकते, तू नाही." तिचा आवाज दुखावलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला हाताला धरून त्या फ्लॅटमध्येच घेऊन गेला. स्क्रूड्रायव्हर काढला आणि एक अक्षर न बोलता कपाटाचे स्क्रू सोडवायला लागला. शेवटचा निघाला, तसं त्याने कपाट खांद्याने रेटून बाजूला केलं. खोलीभर कुबट वास सुटला. भिंत खालपासून छातीपर्यंत हिरवीकाळी पडली होती. ताईला जो खोकला लागला तो थांबेना. पर्समधून दम्याचा पंप काढून तिने दोनदा ओढला आणि डोळे पुसत भिंतीजवळ गेली. खोकता खोकता तिला वेगळंच काही दिसलं होतं.

ओलीच्या वर, कोरड्या भागावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'ओल छातीपर्यंत. कपाट रुंद घेणे. कुणाला दिसता कामा नये.'

"हे अक्षर मी गिरवून घेतलंय," ताई म्हणाली.

तो खाली बघत राहिला. लाजेने त्याचे कान तापले होते.

"आणि हे घर घ्यायला मी आले नसते तर?"

तेवढ्यात बाहेर लिफ्ट थांबली आणि मामा एका नवरा-बायकोला घेऊन आत आला. बायकोला सातवा महिना असावा, चालताना ती कमरेला हात देत होती. उघडी भिंत बघून मामाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मामा तो मामाच!

"बघा!" तो म्हणाला. "आमच्याकडे दोष असा उघडून दाखवतात!"

नवरा भारावून भिंतीकडे बघायला लागला. "कमाल आहे. रंग देऊन टाकू की आपण."

"घेऊ नका हो," खरंसांगू जवळजवळ ओरडलाच. "रंगाने जात नाही ही ओल!"

"किती प्रामाणिक!" बायको म्हणाली.

आता काय करावं या माणसांना! शेवटी ताईच पुढे झाली. "बाई, मी याची सख्खी बहीण. हे घर हा मला घेऊ देत नाहीये. आता बघ काय ते."

हे मात्र लागू पडलं. दोघं आल्या पावली परत गेली. मामा त्यांच्यामागे धावला, जाताना याच्याकडे असं काही बघून गेला की बस्स. ताईने भावाचा हात हातात घेतला. "त्या लेकराचं भलं झालं," ती म्हणाली. "एवढं तरी बरं केलंस."

त्याने बिल्ला काढून खिशात टाकला आणि ऑफिसला जाणंच सोडलं. नोकरी गेलीच म्हणून तो धरून चालला होता. तीन आठवडे ताईसाठी दुसऱ्या एजंटांबरोबर घरं बघत हिंडला. प्रत्येक ठिकाणी कपाट हलवायला लागला की ते एजंट त्याच्याकडे संशयाने बघत. शेवटी एक साधं, कोरडं, तळमजल्यावरचं घर मिळालं. आणि त्याच दिवशी साहेबांचा निरोप आला.

केबिनमध्ये पाय ठेवताच साहेबांनी त्याला मिठीच मारली.

"काय केलंस रे तू! मला आधी सांगायचं तरी! ते नवरा-बायको त्याच संध्याकाळी परत आले. म्हणाले, जिथला माणूस सख्ख्या बहिणीला अडवतो, तिथूनच घर घेणार. आता प्रत्येक साइटवर एक बहीण ठेवायची. ज्यांना सख्खी नाही त्यांना ऑफिस देईल. तुझ्या ताईंना आठवड्यातून दोन दिवस जमेल?"

तो मिठीतून सुटला. "कुठलं घर घेतलं त्यांनी?"

"सहावा मजला. परवाच राहायला आले."

"पुढची रांग?"

"पुढे शिल्लक कुठंय? मागचीच."

तो तसाच केबिनबाहेर आला. टेबलाच्या खणातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्या इमारतीकडे निघाला. लिफ्टमध्ये तो काय बोलायचं ते जुळवत होता, आणि प्रत्येक वाक्य 'खरं सांगू का'नेच सुरू होत होतं. सहाव्या मजल्यावर त्याने बेल वाजवली.

दार तिनेच उघडलं. त्याला बघून तिचा चेहरा फुलला. आत बेडरूममध्ये नवा पाळणा कपाटाला अगदी टेकवून ठेवलेला त्याला दारातूनच दिसला.

"अहो, या ना, या!" ती म्हणाली. "तुम्ही त्या ऑफिसातले म्हटल्यावर आम्ही कपाटाला हातसुद्धा लावून बघितला नाही."