सिंधूताईकडचा मुक्काम

वच्छलाने खोलीची कडी लावायला ओढली, तर ती खिळ्यांसकट हातात आली.

"पाय वं, हे तुयं मोबाईलवरचं लॉज!"

गार्गी ओशाळली. खोली तिनेच मोठ्या हौसेने ठरवली होती. बसस्टँडजवळ, स्वस्त, फोटोत चकाचक; आणि उद्याच्या नर्सिंगच्या परीक्षेचं केंद्र चालत जाण्याजोगं. मॅनेजर म्हणाला, सुतार उद्या येईल, दुसरी खोली रिकामी नाही. व्हरांड्यात अनोळखी पुरुषांची ये-जा चालू होती. तरण्या पोरीला घेऊन इथे कसं झोपायचं? वच्छलाने पिशवी उचलली.

"चाल, सिंधूताईकडे जाऊ."

"आई, असं न सांगता कोणी कोणाकडे जाते का आता?"

"सिंधूताईले विचारा लागते काय? काहीतरीच बोलते!"

आणि खरंच, कोण विचारायचं तेव्हा? नरखेडकडच्या त्यांच्या गावातून नागपुरात आलेलं पहिलं घर सिंधूताईचं. इतवारीतल्या तिच्या दोन खोल्या म्हणजे अख्ख्या गावाची धर्मशाळा. कळमन्याच्या बाजारात संत्री घेऊन आलेले, दवाखान्यात आलेले, कोर्टात आलेले, सगळे तिथेच. पुरुष अंगणात, बाया आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गोधड्या. सासूच्या ऑपरेशनसाठी आलेली नवी नवरी वच्छला घाबरून रडत होती, तर सिंधूताईने तिला आपल्या शेजारी झोपवलं आणि डोळा लागेपर्यंत गावातल्या भानगडी सांगून हसवलं. काय दिवस होते ते! तशी निर्धास्त झोप वच्छलाला पुढे स्वतःच्या घरातही कधी लागली नाही.

आता सिंधूताई मानेवाड्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होती. वच्छला तिथे वास्तुशांतीला येऊन गेली होती. दार सिंधूताईनेच उघडलं आणि तिला घट्ट मिठी मारली.

"आता आठवण आली काय वं माह्यी? सारं गाव नागपुरात येऊन राहिलं, जाऊन राहिलं, अन् इकडे कोणी फिरकत नाही. सारे लॉजवर!"

पण हॉलमध्ये सुनेचे आईवडील आलेले. गाद्या घातलेल्या, मध्ये बाळाचा पाळणा. सून दामिनी भली. "आम्ही किचनमध्ये झोपतो, तुम्ही राहा," म्हणाली. वच्छलाने एकदा सगळीकडे पाहिलं आणि कडीबद्दल ब्रही काढला नाही.

"नाही वं बाई, आम्ही भेटायलेच आलो. खोली घेतली नं आम्ही."

"तिले कडी नाही," गार्गी बोलून गेली.

सिंधूताईचा चेहरा पडला. गावचं माणूस तिच्या दारातून लॉजवर परत गेलं, असं कधी घडलं नव्हतं. पदराने डोळे पुसत ती आत गेली. वच्छलाने पोरीला डोळ्यांनी दटावलं आणि चपला घातल्या.

सिंधूताई बाहेर आली ती बगलेत सतरंजी आणि हातात जेवणाचा डबा घेऊन.

"दामिनी, ऑटो बोलाव."

लॉजच्या मॅनेजरने विचारलं, "आणि या कोण?"

"हे माह्या घरचे पाहुणे हायेत," सिंधूताईने त्यालाच बजावलं, आणि जिना चढू लागली.

खोलीत तिने वच्छलाच्या मदतीने पलंग दाराशी सरकवला, दोघींना पोटभर जेवू घातलं. गार्गी लगेच झोपी गेली. वच्छला मात्र भिंतीला टेकून बसून होती. या वयात सिंधूताईला आपण घराबाहेर काढलं, म्हणून तिचा जीव खालीवर होत होता.

सिंधूताई सतरंजी अंथरून तिच्याजवळ सरकली.

"अशी अंग चोरून काहून बसली वं? पाय पसर. आपलंच घर हाये."