कोरोचे आंबे

“कोरोचेच आहेत. आज पहाटे होडीतून उतरवलेत,” लिसांद्रोने नेहमीची थाप मारली आणि आंबा त्या बाईच्या हातात दिला.

विलेमस्टाड बंदराच्या धक्क्यावर ही थाप सगळेच मारत. पूर्वी ती थाप नव्हती. समुद्रापलीकडून, व्हेनेझुएलातल्या त्याच्या कोरो गावाहून, फळांच्या होड्या येत. होडीतच दुकान, होडीतच चूल. मग व्हेनेझुएलाने सरहद्द बंद केली आणि लिसांद्रो या बेटावर अडकला तो अडकलाच. आता तो दुसऱ्याच देशातले, सांतो दोमिंगोचे आंबे खोक्यातून काढून विकायचा. गिऱ्हाइकं जुन्या नावाला भुलून चार आंबे जास्त घेत. कोणाचं काय बिघडत होतं?

या बाईच्या डोक्याला इथला रुमाल, तोंडी इथलीच बोली. पण तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच कोरोच्या बोलीत विचारलं, “म्हणजे आपल्याकडच्या होड्या परत सुरू झाल्या, काका?”

शेजारी दोन गिऱ्हाइकं आंबे दाबून बघत होती. लिसांद्रोने चक्क होकाराची मान हलवली.

“मालकिणीला सांगून येते, परतीच्या होडीत मला जागा ठेवा,” म्हणत ती बंदरावरच्या पुलाकडे धावली. आंबा तिच्या हातातच राहिला.

बिनकागदांची मोलकरीण, पोलिसांच्या धाकाने इथली होऊन राहिलेली, दुसरं कोण असणार! काम सोडून बसली तर डोक्यावरचं छप्परही जायचं. जीभ झडो मेल्या तुझी, असं स्वतःलाच म्हणत लिसांद्रो गिऱ्हाइकं टाकून पळत सुटला. साठीचे गुडघे, पण पळाला.

पुलाच्या मध्यावर त्याने तिला गाठलं आणि तेवढ्यात घंटा झाली. दोन्हीकडची फाटकं लागली. जहाज आलं की हा तरंगता पूल अख्खाच बाजूला सरकतो आणि वर असतील ती माणसंही त्याच्याबरोबर. जहाज जाईपर्यंत सुटका नाही.

“पोरी, होड्या सुरू झालेल्या नाहीत,” तो धापा टाकत म्हणाला. “आंबे सांतो दोमिंगोचे आहेत.”

ती आधी हसली. मग हसू विरलं. “मग मान कशाला हलवलीत?”

“गिऱ्हाइकं होती समोर.”

स्वतःचंच उत्तर ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकिणीला काही बोललीस का, असं त्याने घाबरत विचारलं.

“तिला नाही. पण लेकीला आत्ताच फोन केला. आई येतेय म्हटलं.”

लेक दारिएला, सात वर्षांची. तीनची असताना आजीपाशी सोडलेली. हे सांगतानाच फोन वाजला. पडद्यावर दात पडलेली पोर नाचत होती. आईच्या पाठीमागून भलंथोरलं पांढरं जहाज सरकत होतं, आणि ही का तुझी बोट, म्हणून ती ओरडत होती.

यारित्साने, त्या बाईने, लिसांद्रोकडे पाहिलं. डोळे कोरडे ठेवून तिने फोन त्याच्यापुढे धरला. “हे बघ होडीवाले काका. त्यांनाच विचार.”

“काका, माझ्या आईला कधी आणणार?”

दिवसभर थापा मारणाऱ्या माणसाने फोन हातात घेतला.

“थोडी फळं विकायची राहिलीत, बाळ,” तो म्हणाला. “ती संपली की निघालोच.”

पोरीला पटलं. तिने हात हलवला आणि फोन बंद झाला.

“छान जमतं तुम्हाला, काका,” यारित्सा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

जहाज गेलं, पूल जागेवर आला, फाटकं उघडली. ती कामाला निघून गेली. माणसं आपापल्या वाटेला लागली, आणि लिसांद्रो कठडा धरून तसाच उभा राहिला.