पेंढ्याची गाय

रंगूबाईचा नेम साधा होता. रोज दिवस बुडायच्या आत गाईच्या मुखी घास घालायचा, त्याशिवाय आपल्या तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मानसिंग लढाईवर गेला त्या दिवशी तिनं तो देवीपुढं धरला होता, 'माझं लेकरू परत येईस्तवर' म्हणून. आता लढाई थांबून महिना उलटला, तरी पोराची खबर नव्हती. चौकशीला नवऱ्याबरोबर, लालासाहेबांबरोबर, ती कवठ्याहून सांगलीला निघाली. पहाटेची एसटी गाठायच्या घाईत गोठ्यातल्या कपिलेला न उठवता तिनं भाकरीचा घास पदरात बांधून घेतला. सांगलीत गाईंना काय तोटा?

पण दुपार कलली तरी एकही गाय हाताला तोंड लावीना. एकीनं हुंगून मान फिरवली, दुसरीला भाजीवाल्यानं हुसकावलं. लालासाहेब सैनिकांच्या कचेरीत ताटकळत होते. तेवढाच जीव रमेल म्हणून सांगलीतली भावजय हरणाबाई तिला कॉलेजातलं प्राण्यांचं संग्रहालय दाखवायला घेऊन गेली.

आत गारठा होता आणि डांबरगोळ्यांचा वास. वाघ, तरस, काळवीट, सगळे पेंढा भरून उभे केलेले, काचेच्या डोळ्यांनी दाराकडं बघणारे. अगदी शेवटी एक पांढरीशुभ्र खिल्लार गाय.

"वन्सं, ही बघा की! ही काय पळायची न्हाई. चारा हिलाच."

"गप गं हरणा. अशी थट्टा करू नये."

हसत हसत हरणाबाई तरसाचे दात बघायला गेली. खिडकीतलं ऊन भिंतीवर वर सरकलं होतं. दिवस बुडाला की नेम मोडला. नेम मोडला की लेकराचं काय? रंगूबाईनं देवीचं नाव घेतलं. गाय ती गायच, असं मनाशी म्हणाली आणि त्या कोरड्या ओठांशी घास धरला.

हात मागं घेतला तेव्हा तो रिकामा होता. खाली फरशीवर काही पडलं नव्हतं. बोटं मात्र ओली होती.

हरणाबाईनं ती बोटं पाहिली, गाईकडं पाहिलं. "घाम आला आसंल," ती म्हणाली. पण तिचं हसू पार मावळलं होतं. "चला वन्सं, भाईर चला."

कचेरीच्या पायरीवर लालासाहेब बसले होते. "जित्यात न्हाई, मेल्यात न्हाई म्हणत्यात. वाट बघा म्हणत्यात."

"यील," रंगूबाई हलकेच म्हणाली. "माझा नेम मोडला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी कपिलेनं तिचा हात हुंगला आणि दावं ताणून मागं सरली. रंगूबाईनं राखेनं हात घासले, तुळशीची पानं चोळली. कपिला घास घेईना. दिवसभर रंगूबाई उपाशीच गोठ्याशी बसून राहिली.

दिवस बुडायला आला, लालासाहेब रानात पाणी पाजायला गेलेले. ती तुळशीपुढं वात लावत होती, तोच अंगणात कुणी उभं राहिलं.

"आये."

खाकी कपडे, खांद्यावर पिशवी. मानसिंग! तिनं धावत जाऊन त्याला कवटाळलं. अंग गार होतं, आणि सदऱ्याला डांबरगोळ्यांचा वास. ट्रंकेतले कपडे, दुसरं काय, तिनं स्वतःला समजावलं. इतर वेळी त्याची चाहूल लागताच हंबरणारी कपिला दाव्याला हिसके देत होती.

"भुकेजला आसशील रं. बस, भाकरी टाकते."

"नगं, आये. काल सांगलीत खाल्ली की. तुज्याच हातची."

रंगूबाईनं आपली बोटं पदराला पुसली. परत येऊ दे, एवढंच तिनं देवीला म्हटलं होतं. कसं, ते म्हटलं नव्हतं.

मग ती गोठ्यात गेली. कपिलेचं दावं सोडलं. कपिला तिला ढकलतच अंधारात पळाली. ती पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर रंगूबाई घरात आली, लेकरू ते लेकरूच, असं मनाशी म्हणाली, आणि लेकासाठी चुलीपुढं पाट मांडला.